परसांतील पहिला वाफा

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हे गृहस्थ आतां चाळिशी ओलांडलेले व दोन मुलांचे वडील आहेत. ते लिहितात : “गुरुजी, घराशेजारीं थोडी मोकळी जागा वापरावयास मिळाली आहे. तेथें भाजीपाला लावावा असें मनांत येतें. परंतु आमच्या घरांत तुळशीवांचून आजवर कोणीं कांहीं लाविलें नाहीं. आरंभ कसा करावा?” प्रश्न साधा आहे. तथापि हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत असावा, आणि त्याचें उत्तर आम्हीं स्वतः पदरचें मोजून मिळविलेलें आहे. म्हणून तें खासगी पत्रांत न लिहितां येथेंच लिहावयाचें योजिलें आहे.

तीन वर्षांपूर्वीं आम्ही शाळेच्या सेवेंतून निवृत्त झालों. पहिले दोन महिने विश्रांतीचे म्हणून गोड गेले. तिसऱ्या महिन्यापासून सकाळीं अकरा वाजतां कोठें जावें हें कळेनासें झालें. छत्तीस वर्षें ज्याच्या शब्दासरशी चाळीस मुलें उठत व बसत होतीं, त्याचा शब्द आतां घरांतील मांजरही मानीना. अशा वेळीं शेजारच्या रिकाम्या भूखंडाकडे आमचें लक्ष गेलें. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब, म्हणजे बाराशें चौरस फूट. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट धरले तर गुंठ्याहून थोडा अधिकच. भूखंडाचे मालक आमचे स्नेही. नोकरीनिमित्त परगांवीं राहणारे. विचारतांच ते म्हणाले, “बांधकाम काढीपर्यंत खुशाल वापरा, लोक तेथें केर टाकतात तो त्रास तरी वांचेल.”

परक्याच्या जागेंत भाजी पिकविण्याची ही कल्पना जगांत नवी नव्हे. इंग्लंडांत १९०८ सालच्या कायद्यानें स्थानिक संस्थांवर असें कर्तव्य लादलें कीं, मागणी करणाऱ्या नागरिकांस त्यांनीं लहान लहान तुकडे अल्प भाड्यानें द्यावेत. तेथील रूढ तुकडा आपल्या मापानें सुमारें अडीच गुंठ्यांचा भरतो. जर्मनींतील लाइप्झिग शहराची कथा तर आम्हां शिक्षकांस विशेष गोड वाटावी अशी आहे. तेथें १८६४ सालीं हाउशिल्ड नांवाच्या एका शाळाप्रमुखानें मुलांच्या खेळासाठीं एक मंडळ काढिलें. पुढें चार वर्षांनीं गेसेल नांवाच्या शिक्षकानें त्या क्रीडांगणाच्या कडेस मुलांसाठीं वाफे आंखून दिले. मुलें लवकरच कंटाळलीं, आईबाप मात्र रमले, आणि त्यांतूनच त्या देशांत कुटुंबांच्या लहान बागांची मोठी चळवळ उभी राहिली. आपल्याकडे असा कायदा नाहीं. शेजारधर्म मात्र आहे, आणि तेवढ्यावर आमचें काम भागलें.

आतां आमच्या फजितीची हकीकत. मृग नक्षत्र लागतांच आम्हीं मजूर लावून सबंध भूखंड खणून घेतला. बाजारांतून बियाण्यांच्या अकरा पुड्या आणिल्या आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, दोडका, कारलें इतकेंच नव्हे तर थंडींत येणारी कोबीसुद्धां एकाच सकाळीं पेरून टाकिली. आमची समजूत अशी कीं, वर्ग भरविला म्हणजे सर्व मुलें एकाच दिवशीं दाखल होतात, तसेंच हें. आषाढांत चार दिवस झड लागली. सपाट जमिनींत पाणी तुंबलें आणि नुकतीच उगवलेली मेथी व पालक मुळाशीं कुजून गेलीं. कोबीचीं रोपें उंच वाढून आडवीं पडलीं. तण इतकें माजलें कीं, त्यांत आमचें पीक कोणतें व परमेश्वराचें कोणतें हें ओळखूं येईना.

याहून मोठी चूक श्रावणांत झाली, आणि ती सांगतांना अद्यापि संकोच वाटतो. पावसानें तीन आठवडे ओढ दिली. जगलीं वांचलीं झाडें माना टाकूं लागलीं. आमच्या शहरास पैठणच्या नाथसागराचें पाणी पन्नास-एक किलोमीटरांवरून चढवून आणावें लागतें, आणि नळास रोज पाणी येण्याचें सुख आम्हांस कित्येक वर्षें ठाऊक नाहीं. घरोघर टाकी भरून ठेवावयाची व पुढील पाळीपर्यंत पुरवावयाची. हें सर्व ठाऊक असतांही आम्हीं दोन दिवस सायंकाळीं टाकीची मोटर लावून नळीनें सबंध भूखंड भिजविला. झाडांनीं माना वर केल्या तेव्हां आम्हांस धन्य वाटलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे टाकी कोरडी. घरांत सूनबाई सहा महिन्यांच्या मुलास घेऊन आलेल्या. बाळाचे कपडे धुवावयास पाणी नाहीं. दुपारीं पैसे मोजून टँकर मागवावा लागला, तोंवर शेजाऱ्यांकडून चार घागरी मागून आणिल्या. आमच्या कुटुंबानें त्या दिवशीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. रात्रीं पान वाढतांना एवढेंच म्हणाली, “अहो, भाजी बाजारांत मिळते. पाणी मिळत नाहीं.”

या एका वाक्यानें आम्हीं जें शिकलों तें अकरा पुड्यांनीं शिकलों नव्हतों. बाग हा घराच्या सुखासाठीं आहे. घराच्या घशांतील पाणी काढून ती फुलविणें हा छंद नव्हे, हा अन्याय आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं खुरपें माळ्यावर टाकण्याच्या बेतांत होतों. परंतु आमच्या दारीं वीस वर्षें भाजी घेऊन येणाऱ्या मावशी त्या दिवशीं भूखंडाशीं थबकल्या. त्यांचें गांव शहरापासून जवळच. स्वतःचा मळा आहे. आमची शेती पाहून त्या म्हणाल्या, “गुरुजी, हे काय करायलात? एवढी जागा कशाला धरली? एक वाफा करा. तेवढा सांभाळला तर दुसरा करा.” आम्हीं विचारिलें, “मावशी, मातींत दोष आहे काय?” त्या हंसल्या. “मातीत नाही दोष. ती उपाशी हाय. तिला आधी जेवू घाला, मग तिच्याकडं मागा.”

छत्तीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें. त्या रात्रीं सहज म्हणून वराहमिहिराची बृहत्संहिता काढिली. सहाव्या शतकांतील या ग्रंथांत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे, तो आम्हीं पूर्वीं वाचला होता, पण केवळ शब्द म्हणून. त्यांत आरंभींच सांगितलें आहे कीं, मऊ जमीन सर्व वृक्षांस हितकर. तींत आधीं तीळ पेरावेत व ते फुलावर आले म्हणजे तेथेंच मोडून जमिनींत मिळवावेत. जमिनीचा हा पहिला संस्कार होय. आज ज्यास हिरवळीचें खत म्हणतात तेंच हें. मावशींनीं दारांत उभें राहून जें सांगितलें तेंच वराहमिहिरानें सांगितलें होतें. मावशींनीं मात्र तें करून पाहिलें होतें आणि आम्हीं फक्त त्याचा अन्वय लाविला होता. आम्हां पांढरपेशांच्या विद्येंत हें एक व्यंग आहे, तें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. जागा मिळाली कीं प्रथम तिचें ऊन पाहावें. फळभाजीस दिवसांतून निदान सहा तास ऊन हवें. पालेभाजी चार तासांवरही भागविते. नंतर माती पाहावी. आमच्या भागांतील जमीन काळ्या पाषाणापासून झालेली आहे; काळी, चिकण, चुन्याचें प्रमाण बरेंच असलेली. ती पावसाळ्यांत फुगून पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यांत भेगाळते. पुष्कळ ठिकाणीं ती हात दीड हातच खोल असून खालीं मुरूम लागतो. वसाहतींतील भूखंडांत तर मुरमाचा भराव, विटांचे तुकडे व सिमेंटचे खडे हेंच मुख्य पीक असतें. अशा जमिनींत नत्र व सेंद्रिय अंश कमी पडतो. यावर उपाय एकच, गादीवाफा. चार फूट रुंद, दहा फूट लांब व वीतभर उंच असा एक वाफा घालावा. रुंदी चार फुटांहून अधिक नको; म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो व वाफ्यांत पाय घालावा लागत नाहीं. पायानें तुडविलेली काळी माती विटेसारखी बसते. या वाफ्यांत निम्मी गाळलेली माती व निम्में पूर्ण कुजलेलें शेणखत अथवा पालापाचोळ्याचें खत मिसळावें. ताजें शेण कधींही घालूं नये; त्याच्या उष्णतेनें मुळें करपतात व हुमणीच्या अळ्या होतात. आम्ही पहिल्या वर्षीं तेंही केलें होतें.

खत घरचें करितां येतें. स्वयंपाकघरांतील सालीं-देंठांचा एक भाग असेल तर वाळक्या पानांचे दोन-तीन भाग घालावेत, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा व आठवड्यास एकदां वरखालीं करावें. तीन-चार महिन्यांनीं मातीचा वास येणारें खत तयार होतें. दुर्गंधी सुटली तर पाणी फार झालें किंवा वाळकीं पानें कमी पडलीं असें समजावें.

पाण्याचा हिशेब आम्हीं पुढें वहींत मांडिला, तो आमच्या मतें प्रत्येक आरंभ करणाऱ्यानें मांडावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हिंवाळ्यांत भाजीस दिवसास चार-पांच मिलिमीटर पाणी लागतें असें धरिलें, तर वर सांगितलेल्या चाळीस चौरस फुटांच्या, म्हणजे पावणेचार चौरस मीटरांच्या वाफ्यास रोज पंधरा ते अठरा लिटर लागेल. म्हणजे एक वाफा, एक बादली. उन्हाळ्यांत दोन. आमच्या घरीं तांदूळ, डाळी व भाज्या धुतल्याचें पाणी सांठविलें तेव्हां रोज एक बादली भरूं लागली. तेव्हां आमच्या घराची ऐपत एका वाफ्याची होती, आणि आम्हीं तीस वाफ्यांएवढी जागा खणून ठेविली होती! साबणाचें पाणी मात्र घालूं नये. सायंकाळीं अथवा सकाळीं लौकर पाणी द्यावें, आणि मातीवर वाळक्या पानांचें दोन बोटें जाड आच्छादन घालावें. तेणेंकरून ऊन थेट मातीस लागत नाहीं व बादली अधिक पुरते. बृहत्संहितेंत रोपलेल्या झाडांस उन्हाळ्यांत दोन्ही वेळां, थंडींत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत माती सुकली तरच पाणी द्यावें असें सांगितलें आहे. शेवटचा भाग विशेष ध्यानांत ठेवावा. माती न पाहतां पाणी देणारा माणूस झाडें तहानेनें मारीत नाहीं, बुडवून मारितो.

या शहराचा इतिहासही हेंच सांगतो. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी म्हणून हें नगर वसविलें, तें कोरड्या खडकाळ मुलखांत. आणि लगोलग डोंगराकडील पाणी भूमिगत नहरींनीं गांवांत आणिलें. पाणचक्की फिरत असे ती अशाच नहरीच्या बळावर. हिमायतबागेची हिरवाई पाहून लोक बागेची स्तुति करितात. परंतु प्रथम पाणी, मग बाग, हा क्रम कोणी विसरूं नये. पावसाचें म्हणाल तर आमच्याकडे तो वर्षास सरासरी सातशें मिलिमीटरांच्या आसपास पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे सुमारें पासष्ट हजार लिटर होतात. त्यांतील थोडा अंश जरी पिंपांत धरिला तरी श्रावणांतील ओढ निभावते. आम्हीं पुढील वर्षीं पन्हळीखालीं दोन पिंपें ठेविलीं, आणि टाकीस पुन्हां हात लाविला नाहीं.

काय पेरावें? पावसाळ्यांत आरंभ करूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. हस्ताचा पाऊस सरला, उन्हाची तिरीप कमी झाली, म्हणजे आश्विन-कार्तिकांत पहिला वाफा पेरावा. पहिलें पीक मेथीचें. दाणे वीतभर अंतराच्या ओळींत, अर्धा इंच खोल पेरावेत. चार-सहा दिवसांत उगवते व महिन्याच्या आंत ताटांत येते. नवशिक्यास धीर येण्यास इतकें दुसरें कांहीं उपयोगी नाहीं. मेथीशेजारीं पालक, तो पानें खुडून तीन-चार वेळां घेतां येतो. कोथिंबिरीसाठीं धणे हलके रगडून दोन करावेत, रात्रभर भिजवावेत, आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. तिसऱ्या दिवशींच वाफा उकरूं नये. मुळा दीड महिन्यांत होतो. या चार जातींवर पहिला हंगाम संपवावा. सर्व एकाच दिवशीं न पेरितां दर दहा दिवसांनीं एकेक ओळ पेरावी. नाहींतर एके दिवशीं मेथीचा डोंगर व पुढें महिनाभर उपवास असा प्रकार होतो.

दुसऱ्या हंगामांत फळभाजी घ्यावी. वांगीं, टोमॅटो व मिरची यांचीं रोपें वेगळ्या कुंडींत करून चार-पांच आठवड्यांनीं वाफ्यांत लावावीं, तीं सायंकाळीं. भेंडी थेट पेरावी; दीड-दोन महिन्यांत तोड सुरू होते, आणि मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहींतर ती जून होऊन भाजीस निरुपयोगी होते. भेंडीचीं पानें शिरांशीं पिवळीं पडूं लागलीं तर तो केवडा रोग होय. पांढरी माशी तो पसरविते. तें झाड दयामाया न करितां उपटून दूर टाकावें. माव्यावर व तुडतुड्यांवर निंबोळीचा अर्क पुरतो : पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळीं फवारावी. वाफ्याच्या कडेस झेंडूचीं चार रोपें लावावीं. मुळांवर गांठी करणाऱ्या सूत्रकृमींस तीं आळा घालितात, शिवाय दसऱ्यास फुलें विकत घ्यावीं लागत नाहींत.

वेलभाज्यांविषयीं एक सूचना. दोडका, दुधी व कारलें यांच्या वेलांवर प्रथम केवळ नरफुलें येतात व गळून पडतात. आम्ही तीं पाहून हताश झालों होतों. पुढें मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या देंठाशीं इवलेंसें फळ आधींच दिसतें. मधमाशा फिरकत नसतील तर नरफूल तोडून त्याचा परागकण मादीफुलास हातानें लावावा. कारल्यास सकाळीं, दुधीस व दोडक्यास सायंकाळीं. कारण त्यांचीं फुलें त्या त्या वेळीं उमलतात.

खर्चाचें म्हणाल तर खोटी आशा दाखविणें आमच्या व्यवसायास शोभणार नाहीं. पहिल्या वर्षीं मजूर, बियाणें, खत व तो टँकर मिळून आमचे चार हजारांवर रुपये गेले आणि भाजी पांचशेंचीही झाली नाहीं. दुसऱ्या वर्षीं एका वाफ्याचे तीन वाफे झाले, खर्च सहाशें रुपये आला, व मार्गशीर्षापासून माघापर्यंत घरीं पालेभाजी विकत आणावी लागली नाहीं. तेव्हां पैसा वांचविण्यासाठीं कोणी या वाटेस जाऊं नये. परंतु ज्या दिवशीं पहिली मेथी आम्हीं ओंजळींत घेऊन स्वयंपाकघरांत गेलों, त्या दिवशीं आमच्या कुटुंबानें ती निवडतांना विचारिलें, “आणखी एक बादली सांठवितां येईल, पुढील ओळ केव्हां पेरणार?” हा लाभ वहींत कोणत्या रकान्यांत मांडावा हें आम्हांस अजून ठरवितां आलें नाहीं. पहिली जुडी अर्थातच मावशींस दिली. मळा असलेल्या बाईस मेथी देणें हें हास्यास्पद होतें. पण त्यांनीं ती हंसून पदरांत घेतली.

गेल्या फाल्गुनांत स्नेह्यांचा निरोप आला कीं, आतां घर बांधावयास काढितों. जागा त्यांचीच होती, तक्रारीस कारण नव्हतें. तरीही दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं. अडीच वर्षें पालापाचोळा खाऊं घालून काळी भुसभुशीत केलेली ती माती पायाच्या खड्ड्यांत जाणार होती. तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, “जागा त्यांची आहे, माती आपण केली. विचारून तर पाहा.” विचारिलें. स्नेही म्हणाले, “न्या कीं, नाहींतर मला ती उचलण्यास ट्रक लावावा लागेल.” नातवास व त्याच्या मित्रांस हाताशीं घेऊन चाळीस गोणी माती भरिली. बारा गोणी आमच्या घराच्या भिंतीलगतच्या तीन फुटी पट्ट्यांत गेल्या. चार मावशींनीं हौसेनें नेल्या. उरलेल्या चोवीस गोणी जवळच्या एका शाळेच्या आवारांत टाकिल्या. तेथें चौथीच्या मुलांसाठीं दोन वाफे आंखिले आहेत, आणि आठवड्यांतून दोन दिवस सकाळीं अकरा वाजतां आम्ही तेथें असतों. लाइप्झिगचीं मुलें कंटाळलीं तशीं हींही कंटाळतील काय, हें कार्तिकांत कळेल.

तेव्हां आमच्या पत्रलेखकास सांगणें तें इतकेंच : जागेच्या मालकाशीं मुदत व अटी चार ओळींत लिहून घ्याव्यात, एकच वाफा करावा, घरांतल्या मंडळींस विचारून पाण्याची एक बादली ठरवून घ्यावी व तिच्याबाहेर जाऊं नये, आतांपासून पानें कुजत घालावीं आणि हस्त सरल्यावर मेथी पेरावी. शंका आल्यास आम्हांस अवश्य लिहावें. परंतु त्याआधीं दाराशीं भाजी घेऊन येणाऱ्या बाईंस विचारावें. उत्तर लवकर मिळेल आणि बहुधा अधिक खरें असेल.